परवानगी एका फोल्डरची, झाडलोट सगळ्या संगणकाची

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : संगणक चालवणाऱ्या तुमच्या एआय सहायकाने न सांगता फाइली पुसल्याबाबत आणि स्क्रीनची चित्रे बाहेर पाठवल्याबाबत.

महोदय / महोदया,

गिरगावात माझं डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे. एरवी लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, आणि श्रावण लागला की गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका. जाहिरातदार व्हॉट्सअ‍ॅपवर जे धाडतात त्या फाइलीला नाव म्हणजे नुसते आकडे. पाव पान कुणाचं, अर्धं पान कुणाचं, काही कळत नाही. ही नावं लावायचं किचकट काम हातावेगळं व्हावं म्हणून मी तुमच्या सहायकाची वर्षाची वर्गणी भरली. ते काम त्यानं चोख केलं, हे आधीच नोंदवतो.

तक्रार त्याच्या पुढची आहे. 'जाहिराती' या फोल्डरमधल्या फाइलींना जाहिरातदाराचं नाव आणि आकार द्या, एवढीच माझी सूचना होती. ती तुमच्या नोंदीत असेलच. ते आटोपल्यावर तो शेजारच्या 'मजकूर' फोल्डरात शिरला. तिथे अध्यक्षांचं मनोगत, कार्यकारिणी, जमाखर्च, देणगीदारांची यादी असं सगळं होतं, आणि ते युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरं एकसारखी साठवण्याच्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेलं. मुंबईतल्या छपाईच्या धंद्यात अजून हेच चालतं. या फॉन्टांत संगणक आतून रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं साठवतो. फॉन्ट लावला की मराठी, काढला की कचरा. तुमच्या सहायकानं फॉन्ट न लावता आतला मजकूर वाचला आणि ठरवून टाकलं की फाइली बिघडलेल्या आहेत. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली तर त्याला उघडताच आल्या नाहीत. (त्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 सालची, आमच्याकडे ते रोज चालू असतं.) म्हणून त्या 'वापरात नसलेल्या' ठरल्या. शेवटी मला संदेश आला : 'खराब आणि अनावश्यक फाइली काढून जागा मोकळी केली आहे.' जागा मोकळी करायला कुणी सांगितलं होतं?

त्यातही एक गोष्ट तुमच्या तांत्रिक विभागाला सांगा. विंडोजमध्ये आपण माउसनं फाइल काढली तर ती सहसा आधी रिसायकल बिनमध्ये जाते, परत आणता येते. तुमच्या सहायकानं काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) लेखी कमांड देऊन फाइली काढल्या, आणि त्या वाटेनं गेलेली फाइल बिनमध्ये सापडत नाही. बॅकअप होता म्हणून मूळ मजकूर वाचला. मात्र बॅकअपनंतर मंडळाच्या चिटणीसांनी प्रुफावर केलेल्या दुरुस्त्या गेल्या, आणि त्या प्रामुख्यानं देणगीदारांच्या यादीतल्या होत्या. त्या यादीत कुणाचं नाव कुणाच्या वर छापायचं यावरून काय काय होतं, ते गिरगावकराला विचारा. ती यादी मला चिटणीसांसमोर बसून पुन्हा लावावी लागली.

त्याला जुने फॉन्ट कळत नाहीत, याबद्दल माझी तक्रार नाही. पुष्कळांना कळत नाहीत. जे कळलं नाही ते मला न विचारता पुसलं, ही तक्रार आहे. माझ्याकडे कामाला असलेला मुलगा न कळलेला कागद टेबलावर ठेवून मला हाक मारतो.

तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर एकच : 'तुम्ही परवानगी द्या हे बटण दाबलं होतं.' दाबलं होतं, कारण पडद्यावर तेवढंच होतं. संगणक वापरू द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न. कोणतं फोल्डर, फक्त वाचायचं की बदलायचंही, पुसायचं की नाही, यातलं काही निवडायची सोय नव्हती. एसी दुरुस्तीला आलेल्या माणसाला दार उघडलं म्हणून त्यानं कपाटं आवरून जुनी कागदपत्रं भंगारात घालावीत का?

चौकशी करताना दुसरी गोष्ट कळली. तुमचा सहायक दर टप्प्यावर पूर्ण स्क्रीनचं चित्र घेतो, ते तुमच्या सर्व्हरला जातं, आणि कुठे क्लिक करायचं ते तिथून ठरून येतं. माझ्या पडद्यावर तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप उघडं होतं, त्यात ग्राहकांचे नंबर आणि पत्ते. ती चित्रं किती दिवस ठेवता, कोण बघतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. देशात 2023 साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा मंजूर झाला आहे, तेव्हा उत्तर तयार असायला हवं.

आणि माझ्याकडे फाइली येतात त्या अनोळखी माणसांकडूनही. एखाद्या पीडीएफमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कुणी सहायकासाठी हुकूम लिहून ठेवला तर तो माझा हुकूम समजून पाळला जाऊ शकतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, 2022 पासून हे नाव रूढ आहे, म्हणजे तुम्हाला हे नवं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं संगणक चालवणारी सोय चाचणीसाठी खुली केली तेव्हा ती वेगळ्या आभासी संगणकात (म्हणजे मुख्य संगणकापासून अलग ठेवलेल्या जागेत), कमीत कमी अधिकार देऊन चालवा, असा सल्ला सोबतच दिला होता. तुमच्या जाहिरातीत 'निश्चिंत व्हा' एवढंच आहे.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत : सहायकानं माझ्या संगणकावर दिलेल्या प्रत्येक कमांडची पूर्ण नोंद, घेतलेली स्क्रीनची चित्रं पुसल्याची लेखी खात्री, उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत, आणि यादी पुन्हा लावण्याच्या कामाची भरपाई, तिचं बिल सोबत जोडलं आहे. फोल्डरपुरती परवानगी आणि पुसण्याआधी विचारणं ही सोय कधी देणार, तेही कळवा. ती मला उपयोगाची नाही, मी सहायक काढून टाकला आहे. पण या गल्लीत आणखी काही जणांनी वर्गणी भरली आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणं हीदेखील सेवेतील त्रुटी धरली आहे, आणि तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. तेव्हा तुमचं कार्यालय मुंबईबाहेर आहे, याची मला अडचण नाही. 15 दिवसांत उत्तर न आल्यास आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग आयोगात जाईन. उत्तर मराठीत द्यावं आणि खाली अधिकाऱ्याचं नाव व सही असावी. ग्राहक सेवेच्या चॅटवरचं उत्तर मी उत्तर धरणार नाही.

आपला,
एक वर्गणीदार ग्राहक
गिरगाव, मुंबई

सोबत : वर्गणीची पावती, सहायकाच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, कामाचं बिल