सुन्यास, गणपतीला निघण्याआधी

मालगुंड,
नारळी पौर्णिमा

प्रिय सुन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा फोन झाल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर बोललो असतो तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहायलाच बसलो. तुझा बेत काय, तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला झोपेची गोळी घ्यायची, सहा तास ताणून द्यायची आणि रात्री दहाला ठाण्याहून गाडी काढायची. ट्रॅफिक चुकेल आणि सकाळी मूर्ती आणायला तू हजर. ऐकून मला रत्नागिरीच्या वाटेवरची, आरे-वारेची सकाळ आठवली. ती अजून आईशिवाय कुणाला ठाऊक नाही.

चैत्रातली गोष्ट. यंदा थ्रिप्स किडीने आंब्याचा अर्धा मोहोर खाल्ला, उरलेल्यावर माकडं. रात्री एक-एक वाजेपर्यंत पेट्या भरायच्या आणि मग आढ्याकडे बघत पडायचं. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी लिहून दिली, १० मिलिग्रॅमची. म्हणाले, "अंथरुणावर पडतानाच घ्या, आणि पुढे सात-आठ तास झोपायला असतील तरच घ्या." पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं. दुसरं सोयीने विसरलो.

त्या रात्री अडीच वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. सकाळी आईला मोतीबिंदूसाठी रत्नागिरीला न्यायचं होतं. म्हटलं, चार तास तरी झोप लागू दे, आणि घेतली. सहाला गजर झाला तेव्हा टुणकन उठलो. अंघोळ केली, चहा घेतला, टायरची हवा बघितली. साडेसहाला निघालो. डोळ्यांवर झापड नाही, जांभई नाही, काही म्हणजे काही नाही. उलट कितीतरी दिवसांनी झोप झाल्याचं समाधान होतं.

आरे-वारेच्या चढाला लागलो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला जांभ्याची दरड. आई मागे काहीतरी सांगत होती, मी हं हं करत होतो. वळणावर समोरून एसटी आली. ती मला दिसली, हे नीट ध्यानात घे. लाल रंग दिसला, पाटी दिसली. पण आपण तिच्या बाजूला सरकलोय आणि स्टिअरिंग डावीकडे घ्यायला हवं, हे डोक्यातून हातापर्यंत पोचायला उशीर झाला. ड्रायव्हरने भोंगा दाबून धरला. मी एकदम डावीकडे ओढली, टायरखाली खडी करकरली आणि डावा आरसा दरडीला घासून कान पिरगाळल्यासारखा मागे दुमडला. एसटी हातभर अंतरावरून गेली. पुढे गाडी बाजूला घेतली तर पाय लटपटत होते. आई इतकंच म्हणाली, "मघापासून बघतेय, गाडी चालवतोयस की होडी?"

तिचं ते होडी मनात रुतून बसलं. नंतर डॉक्टरांना सगळं सांगितलं, स्वतःही वाचलं, तेव्हा कळलं की जाणकार मोजतात तेही हेच. नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकापासून औषधांची अशी चाचणी घेतात. माणसाला औषध देऊन खऱ्याखुऱ्या हायवेवर ताशी ९५ किलोमीटरने सुमारे १०० किलोमीटर गाडी चालवायला लावतात. शेजारी प्रशिक्षक असतो, त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक. गाडीवरचा कॅमेरा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीपासूनचं अंतर टिपत राहतो. गाडी किती डुलते, ते सेंटिमीटरमध्ये निघतं. रक्तात ०.०५ टक्के दारू असली की हे डुलणं साधारण २.४ सेंटिमीटरने वाढतं. औषधाने तेवढं वाढलं, तर तो माणूस प्यायल्यासारखाच चालवतोय असं धरतात. आपल्याकडची कायद्याची मर्यादा तर ०.०३ टक्केच आहे.

झोल्पिडेम रात्री वेळेवर घेऊन दहा-अकरा तासांनी गाडी चालवली तर या चाचणीत फारसा फरक दिसत नाही. तीच मध्यरात्री घेऊन चार तासांनी चालवायला बसवलं की गाडी डुलते. अडीच आणि साडेसहा. माझंच गणित! झोपिक्लोन नावाची दुसरी एक गोळी आहे, तिचा असर तर दहा-अकरा तासांनंतरही दिसतो. आणि यातली मेख अशी की चालवणाऱ्याला स्वतःला ते जाणवेलच असं नाही. मला कुठे जाणवलं होतं? जाग आली म्हणजे गोळी उतरली, असं मीही धरून चाललो होतो.

आता तुझ्या गोळीकडे येतो. तू क्लोनाझेपाम म्हणालास, तीही मेहुण्याच्या पाकिटातली. अरे, ती झोल्पिडेमसारखी चटकन उतरणारी नव्हे. झोल्पिडेम दोन-अडीच तासांत निम्मी होते, क्लोनाझेपामला त्यासाठी तीस ते चाळीस तास लागतात. म्हणजे दुपारी दोनला घेतलेलीतली निम्मी दुसऱ्या दिवशी रात्री आठलाही अंगात. तू गाडी काढणार त्याच दिवशी रात्री दहाला, म्हणजे जवळपास सगळीच पोटात घेऊन. वर पहाटे दोन ते पाच ही वेळ गोळी न घेतलेल्या माणसालाही पेंग आणणारी, आणि तेव्हा तू नेमका कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट करत असशील. ताशी ८० ने जाताना तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ६५ मीटरहून जास्त पुढे जाते. भोस्तेच्या वळणांवर ६५ मीटर सरळ रस्ता कुठे आहे, तूच सांग.

वहिनींनाही तीच अर्धी करून देतोस म्हणालास, मध्ये त्या चालवतील म्हणून. हे तर मुळीच नको. मेहुण्याचं औषध दोघांनी वाटून खायला तो काय प्रसाद आहे? बायकांच्या अंगातून झोल्पिडेम सावकाश उतरते असं दिसल्यावर अमेरिकेच्या औषध खात्याने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी तिचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. एकाला मानवलं ते दुसऱ्याला मानवेलच असं नसतं. आणि मुलांना घाटात गाडी लागते म्हणून ॲव्होमिन देता ना, ती तुम्ही दोघं घेऊ नका. तीही पेंग आणते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांचंही तेच.

पोलिसांच्या नळीत फुंकर मारलीस तरी गोळी पकडली जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम दारूपुरतं नाही, औषधाच्या अमलाखाली ताबा सुटलेला चालकही त्यात येतो. असो, एसटी समोर आली तेव्हा मला कुठलंच कलम आठवलं नव्हतं.

एक मात्र सांभाळ. तू ती गोळी महिनाभर रोज घेतोयस म्हणालास, तर हे पत्र वाचून आजच फेकून देऊ नकोस. या जातीच्या गोळ्या एकदम बंद केल्या की झोप आणखी बिघडते, कधी फिट येण्यापर्यंत जातं. डॉक्टरांना खरं काय ते सांग, मेहुण्याच्या पाकिटासकट. ते हळूहळू कमी करून देतील. माझी मे महिन्यात सुटली. आता झोप लागते, नाही लागली तर पडवीत बसून गाज ऐकतो.

येण्याचं म्हणशील तर कोकणकन्येचं वेटिंग बघ, नाहीतर ठाण्याहून जादा एसटी सुटतातच. झोपायचंच आहे ना, मग दुसऱ्याच्या गाडीत झोप. पहाटे रत्नागिरी स्टेशनवर मी घ्यायला येतो. गाडीची किल्ली हल्ली आईच्या पानाच्या डब्यात असते, "रात्री काही घेतलंस का?" असं विचारल्याशिवाय ती देत नाही. त्या दिवशी अंमळ लवकर उठवून मागून घेईन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. मोदकांना नारळ घरचेच आहेत, तिकडून आणू नकोस.

तुझा,
दिग्या