बर्लिनहून बाबांना

बर्लिन,
रविवार, रात्री साडेदहा

ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

तीन वर्षं झाली, दर फोनवर तुम्ही विचारता, "ऑलिंपिकचं मैदान बघून आलीस का?" आणि दर वेळी मी थंडी, ऑफिस, नाहीतर ईशानची परीक्षा यातलं काहीतरी पुढे करते. आज गेलो एकदाचे. फोनवर सांगितलं असतं, पण मला मध्येच रडू आलं असतं, तुम्ही गप्प झाला असतात आणि फोन आईच्या हातात गेला असता. म्हणून लिहायला बसले. दादाला पुण्याला फोन लावून वाचून दाखवा, सगळं त्याच्याही ओळखीचं आहे.

मैदान करड्या दगडाचं आहे, अजस्र. हिटलरने जगाला दिपवण्यासाठी उभं केलेलं, ते लपत नाही. पश्चिमेच्या अंगाला मॅरेथॉनचा दरवाजा आहे आणि त्याच्या भिंतींवर 1936 च्या विजेत्यांची नावं कोरलेली आहेत. मान वर करून एकेक ओळ वाचत गेले. अमेरिकेचा काळा धावपटू जेसी ओवेन्स, त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आणि मग हॉकी. पुढे देशाचं नाव, जर्मनमध्ये, 'इंडिएन'. एवढंच. ध्यानचंद नाहीत, रूपसिंग नाहीत, 8-1 हा आकडा नाही. तरी मी ईशानला ओढत नेऊन दाखवलं आणि म्हटलं, "यातले एक आपल्या ग्वाल्हेरचे."

तुम्ही आम्हाला टेम्पोतून रूपसिंग स्टेडियमवरून नेताना न चुकता सांगायचात, की हे मैदान ज्यांच्या नावाचं आहे ते ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, शिंद्यांच्या फौजेत होते, 1977 मध्ये इथेच वारले. लॉस एंजेलिसला 1932 मध्ये अमेरिकेवर 24 गोल झाले, त्यातले 10 एकट्या रूपसिंगांचे आणि 8 ध्यानचंदांचे. पुढे 2010 मध्ये सचिनने तिथेच नाबाद 200 केल्या, आपल्या सगळ्या लष्कर भागात फटाके वाजले आणि तुम्ही म्हणालात, "चांगलं झालं, पण आता रूपसिंगांना कोणी विचारणार नाही." तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला होता. आज त्या भिंतीखाली उभी राहिले आणि तुमची कळकळ समजली.

1936 च्या जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्याची गोष्टही ईशानला तुमच्याच क्रमाने सांगितली. आधी सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून झालेला पराभव. मग पाऊस, एक दिवस पुढे गेलेला सामना आणि आलेली तारीख, 15 ऑगस्ट. तेव्हा त्या तारखेला कुणाच्याच लेखी काही अर्थ नव्हता. संघ ब्रिटिश हिंदुस्थानचा. पण कपडे बदलायच्या खोलीत संघाचे सहायक व्यवस्थापक पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि सगळ्यांनी त्याला सलामी दिली. मध्यंतराला फक्त एक गोल होता. मग ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले. पुढचं तुम्हाला पाठ आहे. मला मात्र त्या आठ गोलांपेक्षा बंद दाराआडची ती सलामी जास्त हलवते. तिथे टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

त्याच भिंतीवर मॅरेथॉनपुढे कोरलंय, 'सोन, जपान'. ईशान पुढे निघाला होता, मी त्याला थांबवलं. तो धावपटू जपानी नव्हता, बाबा. सोन की-जंग, कोरियाचा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात, म्हणून त्याला जपानच्या निशाणाखाली, नावाचा जपानी उच्चार लावून धावावं लागलं. जिंकल्यावर बक्षीस म्हणून ओकचं रोपटं मिळालं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा त्याने मान खाली घातली आणि ते रोपटं छातीशी असं धरलं की जपानचं निशाण झाकलं जावं. तिसरा आलेला नाम सुंग-योंगही कोरियनच. तो पुढे म्हणायचा, मला सोनच्या सुवर्णपदकाचा हेवा वाटला नाही, त्याच्या हातातल्या रोपट्याचा वाटला. माझ्याकडे निशाण झाकायला काहीच नव्हतं. कोरियातल्या एका वर्तमानपत्राने छायाचित्रातलं ते निशाण पुसून छापलं, तर जपानी सरकारने ते वर्तमानपत्र नऊ महिने बंद पाडलं.

हाच सोन 1988 मध्ये, 76 व्या वर्षी, सोलच्या मैदानात मशाल घेऊन आला तेव्हा लहान पोरासारखा उड्या मारत होता. आणि 1992 मध्ये बार्सिलोनाला मॅरेथॉन जिंकली ह्वांग यंग-जो या कोरियन मुलाने. तारीख 9 ऑगस्ट, म्हणजे सोनने बर्लिन जिंकलं तीच, छप्पन्न वर्षांनी. म्हातारा सोन तिथे बघायला हजर होता.

ओवेन्स आणि लुत्झ लाँगचीही तुमची एक गोष्ट होती, की लांब उडीच्या पात्रता फेरीत लाँगने त्याला अलीकडून उडी घ्यायला सांगितलं. अभ्यासकांना ती खरी वाटत नाही. ऐकून मला वाईट वाटलं, पण जे नक्की घडलं तेवढं पुरे आहे. ओवेन्स 8.06 मीटर उडाला, लाँग 7.87 वर राहिला, आणि हिटलरच्या डोळ्यांदेखत हा गोरा जर्मन सगळ्यांत आधी त्याचं अभिनंदन करायला गेला आणि हातात हात घालून त्याच्याबरोबर चालला. लाँग 1943 मध्ये सिसिलीत लढाईत गेला. ओवेन्स पुढे त्याच्या मुलाला येऊन भेटला.

बार्सिलोनाचं लिहिताना थांबले होते थोडा वेळ. पाणी पिऊन आले.

बाबा, तुम्हाला 1992 ची ती रात्र आठवते? वाड्यातली निम्मी मंडळी आपल्या माजघरात टीव्हीपुढे. चारशे मीटरची उपांत्य फेरी दाखवत होते. ब्रिटनचा डेरेक रेडमंड जोरात सुटला आणि एकाएकी मांडी धरून खाली बसला. शेवटची रेघ अडीचशे मीटर लांब. तो उठला आणि एका पायावर लंगडत निघाला. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक जाडसर माणूस, टोपी घातलेला, अडवणाऱ्यांना बाजूला सारत आत घुसला. त्याचे वडील, जिम. मुलगा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता आणि दोघं चालत होते. काकू पदराने डोळे पुसत होत्या. आणि तुम्ही उठून बाहेर गेलात.

मी खिडकीतून पाहिलं होतं. अंगणात अंधारात, कपडे वाळत घालायची दोरी मुठीत धरून तुम्ही उभे होतात. मी बारा वर्षांची होते, पण मला कळलं होतं. हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय.

त्याच्या दोन वर्षं आधीची माझी शाळेतली शर्यत. दोनशे मीटर, अनवाणी, चुन्याच्या रेघांमधून. वळणावर मी पडले, गुडघा फुटला, बाकीच्या मुली पुढे निघून गेल्या. मी मान वळवून आधी तुम्हाला शोधलं. तुम्ही दोरीपाशी होतात, दोन्ही हातांनी दोरी धरून, पुढे वाकलेले. आला नाहीत. मी रडत रडत, चालत शेवटपर्यंत गेले. रेघेपलीकडे तुम्ही पोचला होतात. गुडघ्याला रुमाल बांधलात, सायकलच्या दांडीवर बसवलंत, बाड्याच्या चौकात थांबून गजक घेतलीत. एक शब्द बोलला नाहीत. मी मात्र दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आज घरी आल्यावर रेडमंडची ती फिल्म ईशानबरोबर पुन्हा पाहिली. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे जिम आत धावत येतात एवढंच होतं. शेवट मी कधी नीट पाहिलाच नव्हता. रेघेच्या थोडं अलीकडे ते हात सोडतात, बाबा. बाजूला होतात आणि मुलाला एकट्याला रेघ ओलांडू देतात. निकालात त्याची शर्यत 'अपूर्ण' अशीच लागली आहे, कारण मदत घेतली. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

जिम 2022 मध्ये गेले. ते वाचलं त्या दिवशीच तुम्हाला लिहायचं होतं.

दोरीच्या आत का आला नाहीत, हे मी विचारत नाहीये. तुम्ही तेव्हा कसे उभे होतात ते मला दिसलं होतं, आणि अंगणात कसे उभे होतात तेही. तेवढं तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

आता कामाचं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय ना? मग व्हिसाचे कागद याच आठवड्यात काढा, दादा येऊन सगळं भरून देईल. मे महिन्यात या, इथे तेव्हा बरं ऊन असतं. आईला म्हणावं, मेथकूट घेऊन ये, बाकी ओझं नको. ईशानच्या शाळेचे खेळ जूनमध्ये आहेत, तो चारशे मीटर धावणार आहे. इथेही आईबापांना दोरीच्या बाहेरच उभं करतात. तुम्ही माझ्याशेजारी उभे राहा.

तुमची,
मीनू