काकांच्या पीसीचं काय करायचं

सच्या,

काल पंचवटीत तुमच्या घरी जाऊन आलो. पीसीचं बाजूचं झाकण काढलं तर आत धुळीची गोधडीच निघाली रे, कुंभाच्या कामांनी रस्ते खोदून ठेवलेत ती सगळी धूळ तुमच्याच फॅनवर येऊन बसलीय बहुतेक. आणि तो दुकानवाला काकांना सांगून गेलाय की हे भंगार झालं, पन्नास हजारात सगळं नवीन करा. भंगार कसलं डोंबलाचं.

तू विचारलंस की आता पार्ट बदलत बसण्यात अर्थ आहे का. आहे, पण मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड, कुठला आहे त्यावर. माझाच बघ, 2019 चा बी450 बोर्ड, त्यावर एएमडीचा रायझन 5 2600 प्रोसेसर होता, एएमडीने एएम4 सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) इतकी वर्षं चालवलं की नुसता बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मारून मागच्या महिन्यात त्यावरच नवीन रायझन 5700एक्स बसवला, रॅम तीच, कॅबिनेट तेच. बसवताना माती खाल्ली ते सोड. सोड कशाला, ऐक. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर ओढला तर मधली पेस्ट सुकून एवढी घट्ट झालेली की प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून वर आला, दोन पिना वाकड्या! आधी दहा मिनिटं पीसी चालवून गरम करायचा आणि मग कूलर हळूहळू पिळत काढायचा, हे नंतर कळलं. जुना विकायचा होता म्हणून अर्धा तास पेन पेन्सिलच्या नळीत एकेक पिन घालून सरळ करत बसलो, बायको म्हणे दात काढतोयस का कुणाचे.

तुमच्याकडे मात्र इंटेलचा आय5 7400 आहे, सातव्या जनरेशनचा. त्या बोर्डावर फार तर आय7 7700 बसेल, आठव्या जनरेशनलाही पिना 1151 च पण बोर्ड दुसरा लागतो, इंटेलची ही जुनी खोड. विंडोज 11 पण आठव्यापासूनच धरतात आणि 10 चा फुकट सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे प्रोसेसरवर एक रुपया घालू नकोस. आणि आत्ता सगळं नवीन घ्यायचं तर एएमडीच्या नव्या एएम5 सॉकेटला डीडीआर5 रॅमच लागते, रॅमचे भाव तर एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी पार आभाळाला नेलेत, रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने आपला क्रूशियल ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं डिसेंबर 2025 मध्ये.

काकांचं दुखणं वेगळंच आहे, अजून हार्डडिस्कवरच चाललंय रे ते! चालू करून काका चहा टाकायला जातात, चहा होतो तरी डेस्कटॉप आलेला नसतो. साधी साटा एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) टाकू, ती हार्डडिस्कच्या तीन-चार पट वेगाने वाचते, आणि मुख्य म्हणजे आत काही फिरायचंच नसतं त्यामुळे बारक्या फायली शोधण्यात वेळ जात नाही. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, माझ्याकडे आठ जीबीची डीडीआर4 स्टिक पडून आहे ती लावतो. वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम. यूट्यूब, मेल आणि सोसायटीचा हिशोब, एवढ्याला बास.

शनिवारी येताना तुझ्या मेव्हण्याकडचा ब्लोअर घेऊन ये. आणि काकांना आजच फोन कर, त्या दुकानवाल्याला अ‍ॅडव्हान्स देऊन बसतील.

तुझा,
बाळ्या