मंत्रिमहोदय, व्हिडिओला थांबायला शिकवा

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

गणिताच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवर व्हिडिओ मिळतो. पण सांख्यिकीचा व्हिडिओ बहुतेक वेळा एका दमात चालतो. उत्तर पडद्यावर येते, तोवर वर्गाने पेन उचललेले नसते. उत्तराआधी व्हिडिओ थांबावा आणि चुकलेल्याला त्याची नेमकी चूक दाखवावी, एवढेच आमचे मागणे आहे.

दहा दिवसांचा पाऊस घ्या, मिलिमीटरमध्ये: ०, ०, ०, ०, ३, २, ०, ०, ०, ९५. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात अगदी मधोमध येणारी किंमत, किती? पर्याय: १०, २.५, ४७.५, ०. ज्याने १० निवडले त्याने मध्य, म्हणजे सरासरी काढली. ४७.५ वाल्याने सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या संख्येची सरासरी घेतली. २.५ वाल्याने चढता क्रम न लावताच पाचवी-सहावी संख्या उचलली, आणि ही चूक फार होते. तिघांनाही ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच सांगितले, तर ते दुसरे बटण दाबून मोकळे होतात. २.५ वाल्याला आकडे क्रमाने सरकताना दाखवणारा वीसेक सेकंदांचा तुकडा हवा. १० वाल्याला वेगळा.

मग ९५ च्या जागी १५ टाका. मध्य १० वरून २ वर येतो, मध्यक ० वरच राहतो. मराठवाड्यातल्या पोरांना हे फोडून सांगावे लागत नाही: एका दिवसात अतिवृष्टी, बाकीचे दिवस सोयाबीन माना टाकते, कागदावर सरासरी मात्र भरलेली. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे शासनाकडे आहेतच. उदाहरणांना ते वापरा. क्रिकेटच्या धावा आता पुरे.

एच५पी हे ओपन सोर्स साधन मोफत आहे. ठरावीक सेकंदाला प्रश्न बसवता येतो, उत्तरानुसार व्हिडिओ हव्या त्या जागी नेता येतो. मात्र नुसता व्हिडिओ यूट्यूबवर चढवला तर हे प्रश्न सोबत जात नाहीत. म्हणून ऑफलाइन चालणारी प्रत पेनड्राइव्हवर द्या: ४८०पी, पाच मिनिटांच्या आत. वर्गात टीव्ही एकच असतो, तेव्हा प्रश्न ४५ सेकंद तरी पडद्यावर राहावा. मुलांनी आधी वहीत उत्तर लिहायचे, मग सगळ्यांनी एकदम बोटांनी पर्याय दाखवायचा. नाहीतर पुढच्या बाकावरचा एकजण ओरडतो आणि बाकीचे त्याचेच उत्तर धरतात.

पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून दहावीसाठी आधी सहाच व्हिडिओ करून घ्या: मध्य, मध्यक, बहुलक, आयतालेख, वारंवारता बहुभुज, वृत्तालेख. चित्रीकरणाआधी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या शाळांकडून सांख्यिकीची चुकलेली उत्तरे मागवा. चुकीचे पर्याय त्यांतूनच निघतील.

आपले,
मराठवाड्यातील गणिताचे शिक्षक