शांतता समितीत आमच्या गल्लीचं कोण? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

गणपती तोंडावर आले की पोलीस ठाण्यात शांतता समितीची, म्हणजे सणात तंटे होऊ नयेत म्हणून पोलिसांनी नेमलेल्या नागरिकांच्या समितीची, बैठक भरते. मीही जाऊन बसतो. पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष आणि हमखास एखादा बिल्डर. साहेबांचं भाषण, चहा-बिस्किटं, फोटो, पांगापांग. ज्या गल्लीत रोज रात्री दारूवरून हाणामारी होते, तिथली एकही बाई त्या खोलीत नसते.

साहेब, याच राज्यात हे काम नीट करून दाखवलेलं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढारी आणि दादा लोक बाहेर. आत दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्यांच्यासोबत ठाण्यातले पोलीस. ऐक्यावर प्रवचनं देण्यापेक्षा रोजची भांडणं मिटवण्यावर भर. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, पण शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवा आली तर खरं-खोटं कुणाला विचारायचं, हे लोकांना तोवर माहीत झालं होतं.

शेजाऱ्यांच्या अशा भरवशाचा उपयोग अभ्यासातही दिसला आहे. अमेरिकेतल्या शिकागोत १९९५ साली संशोधकांनी ३४३ वस्त्यांतल्या आठ हजारांहून अधिक लोकांना साधे प्रश्न विचारले. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर टवाळक्या करू लागली, तर शेजारी हटकतील का? ‘हटकतील’ ही खात्री जिथे जास्त, तिथे हिंसाचार कमी आढळला; गरिबी सारखीच असली तरीही.

आता तुम्ही म्हणाल, गल्लीतली शांतता राखणं लोकांच्या हाती दिलं की झुंडशाही होते. भीती खरी आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. एकजूट तिथेही होती, पण ती धास्तीपोटी आणि मोबाईलवरच्या अफवेवर उभी. ‘आधी पोलिसांना बोलावू, ते येतील’ हा भरवसा नव्हता. तो भरवसा आयत्या वेळी तयार होत नाही. त्यासाठी बीट हवालदाराला, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, गल्लीतली माणसं नावानिशी ओळखत असावी लागतात.

चौकाचौकांत लावायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही, जरूर लावा. पण कोपऱ्यावरच्या पोराला ‘घरी जा रे’ म्हणणं कॅमेऱ्याला जमत नाही.

म्हणून मागणं एवढंच. समितीच्या सदस्यांची यादी ठाण्याच्या फलकावर लावा. निम्म्या बायका घ्या, भाडेकरूही घ्या, निवडणूक लढवणारा एकही नको. बैठक सणापुरती न ठेवता दर महिन्याला घ्या आणि मागच्या तक्रारींचं काय झालं ते आधी वाचून दाखवा. बीट हवालदाराची सहा महिन्यांत उचलबांगडी करू नका. फोटो नाही काढले तरी चालतील.

कळावे,
आपला,
एक नागरिक