पान सुरकुतलं की लगेच पाणी नको

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाले. आईने जेडच्या झाडाचा समोरून काढलाय आणि बाबांनी त्याच कुंडीचा मागून. दोघांनी एकमेकांना न सांगता पाठवलेत हे उघड आहे, पण माझा फायदाच झाला. आईच्या मते झाड तहानलंय, बाबांच्या मते त्याला खत हवंय. मला दोन्ही पटत नाही. बाबांच्या फोटोत माती काळीभोर ओली दिसतेय आणि खोड मातीत शिरतं तिथे बोटभर पट्टा काळसर पडून आत दबलाय. तहानलेल्या झाडाची कुंडी अशी नसते.

जेडसारख्या सक्युलंटच्या, म्हणजे जाड पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांच्या बाबतीत भल्याभल्यांची फसगत होते ती इथेच. पाणी कमी पडलं तरी पानं सुरकुततात आणि जास्त झालं तरी सुरकुततात. जास्त पाण्याने मुळं कुजली की झाडाला पाणी ओढताच येत नाही. मग सुरकुत्या बघून आपण आणखी एक तांब्या ओततो आणि उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून पानाकडे बघण्याआधी मातीत बोट घालायचं. माती कोरडी ठाक, पानं पातळ झालेली पण देठाशी घट्ट आणि खोड टणक असेल, तर ती तहान. भोकातून निथळेपर्यंत पाणी दिलं की काही दिवसांत पानं पुन्हा भरतात. माती ओली, पानं पिवळट, पाणचट आणि नुसता हात लागला तरी गळणारी असतील, तर दुखणं मुळाशी आहे.

तेव्हा आई, जेडचं पाणी आजपासून बंद. बाबा, झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा आणि माती झटकून मुळं बघा. चांगली मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि चिवट असतात. कुजलेली काळपट असतात, वास येतो, आणि चिमटीत धरून ओढली तर वरची साल हातात येऊन आत नुसता दोरा उरतो. काळेपणा खोडात चढलाय असं मला फोटोवरून वाटतंय. तसं असेल तर हळहळत बसू नका, काळ्या भागाच्या वर सरळ आडवा छेद घ्या. सुरी आधी स्पिरिटने पुसा आणि पुढच्या प्रत्येक छेदाआधीही पुसा, नाहीतर कूज आपणच वर नेतो. छेद नीट निरखून बघा. सगळीकडे एकसारखा फिकट हिरवा दिसला तर ठीक. मधे तपकिरी कडं किंवा ठिपके दिसले तर अजून वर कापायचं, स्वच्छ भाग लागेपर्यंत.

कापलेला शेंडा लगेच मातीत खोचायचा नाही. सावलीत, हवेशीर जागी ठेवून छेदावर कोरडी खपली धरू द्यायची. जेडचं खोड जाड असल्याने आठवडा लागेल. मग मातीच्या कोरड्या मिश्रणात (ते कसं करायचं ते खाली सांगते) उभा करा आणि आणखी आठवडाभर पाणी विसरा. आई, हा आठवडा तुला सगळ्यात जड जाणार आहे, पण पानांत साठवलेल्या पाण्यावर तो शेंडा आरामात तग धरतो. साधारण महिन्याभराने हलकेच ओढून बघ. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं की मुळं फुटली.

बाबा, तुम्हाला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सांगते. बहुतेक सक्युलंट पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात वापरतात. दिवसाच्या उन्हात छिद्रं बंद असल्याने पाणी फार कमी उडतं. म्हणजे कुंडीतलं पाणी झाड संपवत नाही, ते मातीतच राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचं फावतं.

म्हणूनच माती भुसभुशीत हवी. नेहमीची कुंडीतली माती अर्धी आणि जाड वाळू किंवा परलाइट (ते पांढरे हलके, फुललेले खडे) अर्धी. बारीक वाळू नको, ती घट्ट बसते. आणि तळाशी खापऱ्या-खडे भरायची तुमची सवय आता सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहजी उतरत नाही. वरची माती चिंब होईपर्यंत ते तिथेच अडतं, आणि ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. तळाला भोक असलं की पुरे.

माझा खरा संशय मात्र वेगळाच आहे. सकाळी आई पाणी घालते आणि संध्याकाळी बाबा, 'आज कोणी घातलं नसेल' म्हणून. कुंड्यांचं पाणी एकाकडेच द्या. कोणाकडे ते तुम्ही ठरवा, मी मधे पडत नाही. ओल कळावी म्हणून मोठ्या कुंड्या उचलून वजन बघायच्या भानगडीत पडू नका, कंबर धरेल. लाकडी काडी तळापर्यंत खुपसून थोड्या वेळाने काढा. ओलसर आली किंवा माती चिकटून आली तर त्या दिवशी सुट्टी.

बाकीच्या कुंड्यांचं थोडक्यात. फुलासारख्या गोल रचनेत पानं असलेला तो एचेव्हेरिया लांबुडका होऊन पानापानांत अंतर पडलंय, ती उजेडाची उपासमार. ताणलेलं खोड परत आखूड होत नाही, त्यामुळे शेंडा कापून जेडसारखाच लावायचा. पण उजेड हवा म्हणून एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजून पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. रोज थोडं थोडं ऊन वाढवा. आणि आई, त्याच्या पानांवरची पांढरी भुकटी म्हणजे धूळ नाही, त्याचं स्वतःचं मेणाचं आवरण आहे. फडक्याने पुसू नकोस, पुसलेल्या पानावर ते पुन्हा नीट धरत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर मात्र तो पिठ्या ढेकूण. कुंडी लगेच इतरांपासून लांब ठेवायची आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुंजका टिपायचा. एकदा करून भागत नाही, दर आठवड्याला बघावं लागतं.

कोरफडीची सगळ्यात खालची पानं वाळतायत त्याची काळजी नको, ती वयाने जातात. वरची, मधली पानं मऊ पडली तर कळवा. खत कोणालाच नको, बाबा. आजारी झाडाला तर मुळीच नाही.

जेडचा छेद घेतलात की त्याचा फोटो पाठवा, दिवसाउजेडी आणि फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशमध्ये तपकिरी रंग हरवतो.

तुमची लेक

ता. क. कोपऱ्यातल्या काटेरी युफोर्बियाला हात लावण्याआधी बाबांनी हातमोजे आणि चष्मा घालायचाच. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गेलाच, तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा, मला फोन नंतर.