हट्टनला निघण्याआधी

मडगाव

प्रिय आई, बाबा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बाबांना निम्मं ऐकू आलं नाही आणि आईने ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं. म्हणून लिहिते आहे. दादाला वाचून दाखवायला सांगू नका, तो मधली वाक्यं गाळतो.

तर, जायचं पक्कं झालं आहे. पावसाळा संपला की सहा तरुण मुलामुलींना घेऊन मी दोन वर्षांसाठी श्रीलंकेला जाणार. सगळी विशी-पंचविशीतली. मुलग्यांकडे बघायला सोबत एक ब्रदर आहेत, पण प्रमुख मी. हट्टनजवळच्या चहाच्या मळ्यांत राहायचं. कँडी धर्मप्रांतातल्या तिथल्या फादरांनी बोलावलंय आणि काम काय करायचं हेही तेच ठरवणार. सध्या तरी संध्याकाळचा अभ्यासवर्ग, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणं-आणणं आणि रविवारच्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, तयारी एवढं कळलंय. शाळेने बिनपगारी रजा मंजूर केली आहे.

आई, तू म्हणालीस, "दहा दिवस जाऊन ये की, दोन वर्षं कशाला?" दहा दिवसांची मिशन ट्रिप कशी असते ते मी पाहिलंय. सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट, बिस्किटांचे पुडे, परक्याची पोरं मांडीवर घेऊन फोटो, आणि लगेच परतीचं विमान. ती सहल असते. सहलीला माझी ना नाही, पण तिला सेवा म्हणू नये. तिथल्या पोरांना लळा लावायचा आणि निघून यायचं, काही महिन्यांनी दुसरे दादा-ताई येऊन पुन्हा तेच करणार. शिवाय दहा दिवसांत आपणच तिथल्या लोकांवर ओझं असतो. कुठे झोपायचं, काय खायचं, दवाखाना कुठे, सगळं त्यांनीच बघायचं. आपला काही उपयोग व्हायचा तर आधी त्यांची भाषा यायला हवी. इथे एक तमिळ सिस्टर आम्हाला रोज शिकवतात. अक्षरं झाली, आता वाक्यं चाललीत. कुडचड्याची एक मुलगी सगळ्यांच्या पुढे आहे आणि वास्कोचा एक मुलगा सगळ्यांच्या मागे. हा वास्कोचा आपल्या शेवगावकडचा बरं का. घरी मराठी, बाहेर कोंकणी, आणि तमिळला बसला की जांभया.

गेल्या महिन्यात सगळ्यांना सांकवाळला नेलं होतं. ओल्ड गोव्याला सेंट झेवियरच्या शवदर्शनाच्या रांगेत सगळी उभी राहिलेली, पण संत जुझे वाझ त्यांना नावापुरतेच माहीत. वडील सांकवाळचे, जन्म 1651 चा, बाणावलीला आजोळी. 1687 मध्ये ते श्रीलंकेत पोचले. तेव्हा किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि कॅथलिक पाद्र्यांना बंदी, म्हणून मजुराच्या वेशात गेले. तमिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीला पोचले तर हेर समजून राजाने कैदेत टाकलं. पुढे 1697 मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आपल्याच रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा हे त्यांची शुश्रूषा करत राहिले. 1711 मध्ये कँडीतच गेले. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी त्यांना संत जाहीर केलं, तेही कोलंबोला जाऊन.

(आई, ते परत आले नाहीत हे वाचून लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. आम्हाला व्हिसा संपला की यावंच लागतं.)

मुलांना वाझ भावले. माझं मन मात्र त्यांच्याबरोबर गेलेल्या जॉन नावाच्या पोरात अडकलं. गोव्याहून त्यांच्याबरोबर निघालेला, नोकर म्हणून. भाषा येत नाही, घर लांब, मालक तुरुंगात. त्याला ताप आला तेव्हा कोण उशाशी बसलं असेल? संत होणं वाझांच्या वाट्याला आलं, त्या पोराला जपणंही त्यांच्याच वाट्याला होतं. माझ्या वाट्याला फक्त दुसरं काम आहे, आणि मला तेच हवंय. वर्ग मुलं घेतील. ती जेवली का, कोण गप्प गप्प आहे, कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण रात्री रडतंय, हे मी बघायचं. अशी मुलं नेऊन आलेले एक फादर म्हणाले, पहिला महिना नव्या नवलाईत जातो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोरं कोमेजायला लागतात. पाऊस, थंडी, जळवा आणि रोज तोच भात आणि सांबोल, म्हणजे नारळाची तिखट चटणी. तेव्हा त्यांना प्रवचन नको असतं, शेजारी कोणीतरी बसायला हवं असतं.

पालकांच्या बैठकीत एका बाबांनी विचारलं, "मुलगी रडली तर तुम्ही आम्हाला कळवणार का?" मी म्हटलं, पहिल्यांदा रडली तर नाही कळवणार, रडतच राहिली तर कळवीन, आणि परत यायचं म्हणाली तर कमीपणा न मानता पाठवीन. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सही केली. नियम कडक आहेत. लहान मुलांसोबत एकट्याने थांबायचं नाही, नेहमी दोघं. त्यांचे फोटो मोबाइलवर टाकायचे नाहीत. कोणाच्या हातात परस्पर पैसे द्यायचे नाहीत.

बाबा, मळ्यांबद्दल तुम्हाला सांगायचंय. तिथले तमिळ मजूर म्हणजे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून आधी कॉफीसाठी नेलेली माणसं. कॉफीवर रोग पडला, मग चहा आला. 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने यातल्या बहुतेकांचं नागरिकत्वच गेलं. 1964 मध्ये शास्त्रीजी आणि तिथल्या पंतप्रधान सिरिमावो भंडारनायके यांचा करार झाला, सव्वापाच लाख माणसं भारताने परत घ्यायची असा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना 'परत' पाठवायचं! उरलेल्यांचा प्रश्न सुटायला 2003 उजाडलं. अजूनही कित्येक कुटुंबं इंग्रजांच्या काळातल्या लाइनींत राहतात, एका भिंतीला लागून दुसरी खोली, अगदी तुमच्या साखर कारखान्याच्या चाळीसारखी. त्या चाळीतून मला शाळेत धाडताना तुम्हाला किती जणांनी वेड्यात काढलं होतं ते आई अजून सांगते. तिथल्या पोरांना गणित शिकवायला मी का चाललेय, हे तुम्हाला तरी पटावं.

शेजारी विचारतील, धर्मांतराला चाललीय का? नाही म्हणून सांगा. मळ्यातले बहुतेक लोक हिंदू आहेत, वर्गात त्यांचीच मुलं जास्त असणार. वर्गात गणित आणि इंग्रजी, बाकी काही नाही. प्रार्थना चर्चमध्ये, ज्याला यायचं तो येईल.

आईची खरी भीती 2019 च्या ईस्टरची आहे, ठाऊक आहे मला. कोलंबो, नेगोंबो, बट्टिकलोआ, तिन्हीकडे चर्चमध्ये आणि कोलंबोत हॉटेलांतही स्फोट झाले, सगळी मिळून अडीचशेहून अधिक माणसं गेली. भीती मलाही वाटते. पण तिथली माणसं पुन्हा चर्चला जातात, आणि आम्ही त्यांच्याच सल्ल्याने वागणार आहोत.

आता घरचं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी निघण्याआधीच करायचं, पुढे ढकलायचं नाही. हयातीचा दाखला दादा येऊन करून देईल. आईच्या बीपीच्या गोळ्या श्रीरामपूरच्या मेडिकलवाल्याकडे महिन्याच्या महिन्याला सांगून ठेवल्यात, तो घरी आणून देतो. आईने "आज बरं वाटतंय" म्हणून गोळी टाळायची नाही. व्हिडिओ कॉल रविवारी दुपारी. तिथे डोंगरात रेंज जाते म्हणतात, तेव्हा एखादा रविवार चुकला तर लगेच दादाला कामाला लावू नका.

सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला हरेगावला येते. वास्कोचा मुलगा आणि कुडचड्याची मुलगी बरोबर येतील. गोवा एक्स्प्रेसने नगरला उतरू आणि पुढे एसटीने. मुलीला कपाटातला माझा जुना लोकरीचा स्वेटर लागेल, तो उन्हात घालून ठेव. आणि आई, यात्रेच्या गर्दीत पुरणपोळीचा घाट घालू नकोस, पिठलं-भाकरी पुरे. मुलगा तेवढंच मागतोय.

तुमची,
ताई